फॅमिली बिझनेसचं पुढच्या पिढीचं प्लॅनिंग करून देणारी सर्व्हिस, कोल्हापूर बॅच : आमच्या घराचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय, पण ज्यांच्या घरात दोन-तीन भाऊ एकत्र धंदा करतायत त्यांनी पूर्ण वाचा.

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आणि छोटी फाउंड्री. आजोबांनी उद्यमनगरात एका लेथवर चालू केलेलं, आता अण्णा म्हणजे माझे वडील आणि दोन काका पार्टनर, चुलत दादा फर्नेस आणि मोल्डिंग बघतो, मी परचेस आणि अकाउंट्स, माझा सख्खा भाऊ पुण्यात आयटीत. कोल्हापुरात अशी घरं किती आहेत सांगायला नको, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही शेडमध्ये जावा, बोर्डावर आजोबांचं नाव आणि आत तिसरी पिढी कामाला. ऑर्डरी आहेत, पोरं तयार आहेत, पण मोठ्यांनंतर कुणी बघायचं हे कुणी तोंडातनं काढत नाही, कारण विषय काढला की लगेच "एवढ्यात वाटणीची घाई झाली काय" असं ऐकायला लागतं.

तर ही सर्व्हिस अशी आहे. पुण्याची टीम आहे, एक मॅडम मीटिंग चालवतात आणि बरोबर एक सीए असतात. कोल्हापुरात सहा-सात घरांची बॅच करतात, काही शनिवार सगळ्यांचे एकत्र आणि मधेमधे प्रत्येक घराशी वेगळं बसणं. शेवटी घराची नियमावली लिहून देतात, ज्याला ते फॅमिली कॉन्स्टिट्यूशन म्हणतात. फी घराच्या हिशोबानं, आमची लाखाच्या वर गेली, जीएसटी वेगळा. मधल्या काकांना ती लई वाटली, मला वसूल वाटली.

का वसूल वाटली ते सांगते. पहिल्याच शनिवारी मॅडमनी हॉलच्या फरशीवर खडूनं तीन मोठी वर्तुळं काढली, एकात एक अडकलेली. कुटुंब, मालकी, धंदा. हे हार्वर्डच्या टागियुरी आणि डेव्हिस यांचं १९७८ चं मॉडेल आहे, जगभर शिकवतात, पण फरशीवर स्वतः उभं राहिल्यावर ते कळतं तसं पुस्तकात कळत नाही. अण्णा आणि काका मधोमध, तिन्हीत. मी कुटुंब आणि धंद्यात, मालकीत नाही. दादा माझ्याच बाजूला, म्हणजे इतकी वर्षं पहाटे मेल्टिंगला हजर राहणारा माणूस, मालकीच्या बाहेर. भाऊ फक्त कुटुंबात, आणि उद्या वारस म्हणून सगळ्यात आधी नाव त्याचंच निघणार. आई कुटुंबाच्या कडेला जाऊन उभी राहिली. मॅडमनी तिला एवढंच विचारलं, "काकू, बँकेच्या कागदावर तुमची सही कुठंकुठं आहे?" आई म्हणली, घर माझ्या नावावर आहे ना, सीसीला, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जाला, तेच तारण दिलंय, गॅरंटर पण मीच आहे. हॉलमधली बाकीची घरं पण गप्प झाली, कारण बहुतेक घरात हेच आहे. धंदा बुडाला तर घर आईचं जाणार आणि धंद्याच्या एकाही मीटिंगला आजपर्यंत तिला कुणी बोलावलेलं नाही. त्या दिवशी धाकट्या काकांनी स्वतः खुर्ची ओढून तिला पुढं बसवली.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे उचल. आपल्याकडं पगार कुणी घेत नाही, लागेल तशी उचल, एकाच्या पोराची कॉलेजची फी, एकाचा ट्रॅक्टर, एकाच्या सासरचं लग्न, सगळं फर्ममधनंच, आणि मग मनात हिशोब चालू. सीएंनी बोर्डावर तीन रकाने केले, कामाचा पगार, भांडवलावरचं व्याज, नफ्यातला वाटा. जो काम करतो त्याला त्या पोस्टचा पगार, मग तो पार्टनर असो नसो. दादाला पगार लागू झाला तो यातनंच, आणि माझाही. भांडणं जमिनीवरनं होतात असं आपण समजतो, पण आमच्या घरात तरी दहातली आठ धुसफूस या न बोललेल्या उचलीची होती.

कागदाचा भाग कोरडा आहे पण सोडू नका. आमचं पार्टनरशिप डीड आजोबांच्या वेळचं, रिटायरमेंटचं, मृत्यूचं, व्हॅल्युएशनचं एकही कलम नाही. भागीदारीचा कायदा १९३२ चा, त्यातलं कलम ४२ सांगतं की डीडमध्ये वेगळं ठरवलेलं नसेल तर एक पार्टनर वारला की फर्म विसर्जित. कलम ३७ प्रमाणे त्याचा हिशोब न भागवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला तर वारसांना नफ्यातला वाटा नाहीतर ६ टक्के व्याज मागता येतं. म्हणजे चालू फर्नेस, बँकेची लिमिट, कस्टमरचं शेड्यूल सगळं एका कलमावर लटकलेलं. हे ऐकून अण्णा म्हणले, कोल्हापूरला वाटणी काय नवीन नाही, १७३१ चा वारणेचा तह सातारा आणि कोल्हापूर गादीच्या चुलत भावांचाच, पण त्यात निदान हद्द कुठली ते तरी लिहिलं होतं, आपल्या डीडमध्ये तेवढं पण नाही. एमआयडीसीचा प्लॉट तर आपल्या मालकीचा नसतोच, ९५ वर्षांच्या लीजवर असतो, नाव बदलायचं तर त्यांची परवानगी लागते, हे पण बऱ्याच घरांना तिथंच कळलं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, कंपनीच्या शेअर्सबाबत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा सांगितलंय. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करायची सक्ती नाही, पण केलेलं बरं.

मुलींचा विषय त्यांनी टाळला नाही, याबद्दल माझ्याकडनं मनापासून आभार. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ लाच झाला होता पण फक्त तेव्हा लग्न न झालेल्या मुलींसाठी, मग हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची देशभरची दुरुस्ती, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून, ती दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असोत नसोत. आपल्याकडं बहिणीला साडी देऊन हक्कसोड पत्रावर सही घ्यायची पद्धत आहे. आमच्या आत्तीनं पण केलीय सही. मॅडमनी तिला फोनवर घेतलं आणि तिला काय वाटतं ते सगळ्यांसमोर विचारलं, कुणी मधे बोलायचं नाही या अटीवर. ती म्हणली, मला शेडमधलं काय नको, पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाकीच्या घरांकडनं पण भरपूर शिकलो. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतवाल्यांकडं पोराला आधी दोन वर्षं बाहेर नोकरी सक्तीची आहे, मगच पेढीवर, आम्ही तो नियम जसाच्या तसा उचलला. हुपरीच्या चांदीवाल्यांनी वाटणी झाल्यावर पैसे हप्त्यानं कसे द्यायचे ते सांगितलं, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला पण न्याय आणि धंद्याची पण मान आवळली जात नाही. एकमेकांच्या शॉपला भेटी होत्या, आमच्या फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या, जागेची धूळ बघून एकांनी डस्ट कलेक्टरची माहिती दिली ती वेगळीच.

आता तो कापलेला स्टार. स्लाइड्स सगळ्या इंग्लिश, अण्णा आणि काका अर्धा वेळ नुसते बघत बसायचे, मराठी नोट्स मागून मागून उशिरा आल्या. उदाहरणं फार मोठ्या घरांची, डाबरच्या बर्मन कुटुंबानं १९९८ ला कारभार बाहेरच्या व्यावसायिकांकडं दिला हे ऐकायला छान आहे, पण चाळीस कामगारांच्या शॉपला सीईओचा पगार कुठनं परवडणार. आणि एकाच कस्टमरला माल देणारी दोन घरं एका बॅचमध्ये बसवली, ही चूक गंभीर आहे. इथलं बाहेर जाणार नाही अशी सही घेतात ते ठीक, पण रेट आणि मार्जिनवर त्यांच्यासमोर कोण मोकळं बोलणार? बॅच करताना कस्टमर लिस्ट विचारायला पाहिजे होती. ड्राफ्ट दिल्यानंतर फोनला उत्तर पण सावकाश मिळतं. आणि नियमावली म्हणजे कोर्टात चालणारा कागद नव्हे हे त्यांनी पहिल्या दिवशी ठासून सांगायला हवं. ठरलेलं डीडमध्ये आणि मृत्युपत्रात आणायला आम्हाला आमचा वकील वेगळा लावायला लागला, तो खर्च धरूनच चाला.

कुणी जावं? ज्यांचं अजून पटतंय आणि मोठी माणसं तब्येतीनं धड आहेत त्यांनी लगेच जावं. नोटिसा गेल्यात, बोलणं बंद झालंय अशा घरांना याचा उपयोग होणार नाही, तिथं मध्यस्थ नाहीतर वकीलच लागतो. जाताना डीड, लीजचे कागद, बँकेची सँक्शन लेटर आणि मागच्या काही वर्षांचे कॅपिटल अकाउंट बरोबर घेऊन जावा, आणि घरातल्या बायकांना सोबत न्या, त्यांच्याशिवाय हे अर्धवटच राहतं.

आमचं नवीन डीड तयार आहे, दादाला पार्टनर करायचं ठरलंय, माझ्या हिश्शाचं बोलणं चालू आहे. मधल्या काकांची सही अजून बाकी आहे, त्यांना व्हॅल्युएशनचं कलम परत एकदा समजून घ्यायचंय, आणि ते योग्यच आहे.