लायनस पॉलिंग यांच्या ४६ वह्या : बडोद्याहून अभिप्राय

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संग्रहातल्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या वह्या उघडून बघाव्यात. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी माल काय आहे ते. १९२२ ते १९९४, म्हणजे पदवी मिळाली त्या वर्षापासून थेट शेवटच्या वर्षापर्यंत लिहिलेल्या ४६ वह्या. सगळ्या स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेल्या, बघायला पैसे पडत नाहीत. आत आकडेमोड, मोजमापं, निष्कर्ष, पुढे काय करून बघायचं त्याच्या नोंदी आणि मध्येच स्वतःच्या आयुष्याबद्दल काहीबाही. ज्या कॉलेजातून ते पदवी घेऊन बाहेर पडले त्याचीच पुढे ही युनिव्हर्सिटी झाली, आणि १९८६ साली त्यांनी आपले कागद तिथे देऊन टाकले. संग्रहाच्या नावात बायकोचं, एव्हा हेलन यांचं नाव आधी आहे आणि त्यांचं नंतर. हे मला फार आवडलं.

मी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे माझा चष्मा वेगळा. आमची मुलं आधी उत्तर ठरवतात आणि मग त्यावरून ब्युरेटचं (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग बनवतात. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या टायट्रेशनमध्ये (एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून मोजायचं, ते) १०.२, १०.२, १०.२ असं लिहून आणलं की मी सही करत नाही. अरे, फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचा असतो, तरीही पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. मँगनीज आयन तयार झाले की मग कुठे गाडी पळते. ब्युरेटमधलं द्रावण इतकं गडद की मेनिस्कसची (द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची) खालची कडा दिसतच नाही, वरची वाचायची. हे सगळं सांभाळून तिन्ही वेळा तोच आकडा? अशा वेळी मी प्रोजेक्टर लावते आणि पॉलिंग यांची पानं दाखवते. तारीख, आकडे, चुकलं तिथे काट मारलेली. खोडरबर नाही, पान फाडणं नाही. आणि हा माणूस एकट्याने दोन नोबेल मिळवलेला, १९५४चं रसायनशास्त्राचं आणि १९६२चं शांततेचं!

पानं उलटताना अल्फा हेलिक्सची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या मळसूत्राची, गोष्ट सांगते, कारण ती ठाऊक असली की वह्या वेगळ्या दिसतात. १९४८मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि कागद दुमडत दुमडत हायड्रोजन बंध जुळवले. मळसूत्र झकास बसलं. पण एका वेढ्याची उंची येत होती ५.४ अँगस्ट्रॉम (अणूंच्या पातळीवरचं लांबीचं माप), आणि केसाच्या एक्स-रे चित्रांवरून मिळत होते ५.१. बस, तेवढ्या ०.३ साठी गप्प बसले. सविस्तर छापायला १९५१ उजाडलं. आमच्या वर्गातल्या कुणी ५.१ लिहून पंधरा मिनिटांत प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिट केलं असतं.

याच माणसाने १९५३च्या सुरुवातीला डीएनएची तीन पदरी रचना छापली, फॉस्फेट आत आणि बेस बाहेर. फॉस्फेटवरचे हायड्रोजन जागचे हलतच नाहीत असं धरून. अ‍ॅसिड तर हायड्रोजन सोडतं, म्हणजे न्यूक्लिइक अ‍ॅसिडमधलं अ‍ॅसिडच गायब! एरवी फॉस्फेटचे सगळे ऋण भार मधोमध एकमेकांना ढकलत बसले असते. हे बारावीच्या मुलालाही पटतं, आणि पॉलिंग तर स्वतः पाठ्यपुस्तक लिहिलेले. दोन-तीन महिन्यांतच वॉटसन आणि क्रिक यांची दोन पदरी रचना आली. संग्रहाने ही फजिती झाकलेली नाही, डीएनएच्या शर्यतीचं अख्खं दालन मांडून ठेवलंय. तसंच हिमोग्लोबिनचं, रासायनिक बंधांचं आणि शांतता चळवळीचंही. नुसत्या वह्यांतून संदर्भ लागत नाही, म्हणून ही दालनं आधी वाचावीत असं माझं मत.

आता अर्धा तारा. फोनवर ही पानं बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. मोठा स्क्रीन हवाच. एकेक पान पुढे ढकलत जावं लागतं, आणि हस्ताक्षर लावायला सवय व्हावी लागते. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

बघताना मनात एक सल मात्र राहतो. आपल्या बडोदा कॉलेजात त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९०मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली ते त्यांनीच, सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर. मुंबईत चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, तो डाग काढला तोही गज्जरांनी. संगमरवराला अ‍ॅसिड चालत नाही, डांबराला पाणी चालत नाही. आधी काय लावून पाहिलं, काय फसलं, हे त्यांच्या हातच्या नोंदीत वाचायला मी दांडिया बाजारातून पायी गेले असते. आणि इकडे एका कॉलेजात (नाव घेत नाही) जुन्या प्रयोगवह्यांचे गठ्ठे पस्तीवाल्याच्या लारीवर चढताना मी डोळ्यांनी पाहिलेत. वजन करून. शिपायाला विचारलं तर म्हणाला, बेन, कपाट रिकामं करायचंय.

मुलांना दाखवणार असाल तर दोन गोष्टी आधी फळ्यावर लिहा. तिथे ऊर्जा किलोकॅलरीत असते, ४.१८४ने गुणलं की किलोज्यूल. आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे १०० पिकोमीटर. शिवाय फ्लोरिनची इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद) ४.० अशी घोकलेली असते, पण पॉलिंग यांच्या १९३२च्या पहिल्या मांडणीत हायड्रोजन शून्यावर आणि फ्लोरिन २.०वर होता, पट्टी नंतर वर सरकवली. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या बाकावरचा हात वर येतोच, "मॅडम, सरांचं चुकलंय."