टूथ अँड नेल रेकॉर्ड्सच्या जुन्या सीडी : काही महिने सलग ऐकल्यानंतर

गेल्या हिवाळ्यापासून मी सिॲटलच्या टूथ अँड नेल रेकॉर्ड्स या ख्रिस्ती रॉक काढणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे लेबलच्या, जुन्या सीडी शोधून, विकत घेऊन, जमेल तितक्या क्रमाने ऐकतो आहे. १९९३ ते २००९ या काळातलेच अल्बम घ्यायचे, एवढे पथ्य सुरुवातीलाच ठरवले होते. सिॲटलजवळ राहत असल्यामुळे ते पाळणे सोपे गेले, कारण इथल्या सेकंडहँड दुकानांच्या कोपऱ्यांत या सीडी अजूनही स्वस्तात सापडतात. मी ख्रिस्ती नाही. ख्रिस्ती रॉक म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत कोणीतरी गिटार वाजवणे, अशीच माझी समजूत होती, आणि ज्यांची ती अजून तशीच आहे त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

ब्रँडन एबेल या तरुणाने १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात हे लेबल सुरू केले आणि थोड्याच काळात ते सिॲटलला हलवले. त्याआधी तो फ्रंटलाइन रेकॉर्ड्स या ख्रिस्ती संगीत काढणाऱ्या कंपनीत काम करत असे. अमेरिकेतले ख्रिस्ती संगीत तेव्हा मुख्यतः नॅशव्हिलमध्ये तयार होई आणि ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकले जाई. अनेक धार्मिक घरांत मुलांना दुसरे रॉक ऐकायची मुभाच नव्हती आणि त्या दुकानांत मिळणारे बहुतेक संगीत मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना आवडेल असे होते. अशा घरांत वाढलेले श्रोते आज या लेबलची आठवण काढतात तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतात : बँडचे नाव कधी ऐकले नसले, तरी मागच्या बाजूला टूथ अँड नेलचे चिन्ह दिसले की ते सीडी घेऊन टाकत. हा विश्वास कितपत रास्त होता हे तपासणे, हाच माझ्या या उद्योगाचा खरा हेतू होता.

पहिल्या दशकापुरता तो बहुतांशी रास्त होता, असे मी म्हणेन. स्टारफ्लायर ५९ या बँडचा १९९४ चा पहिला अल्बम घ्या. कव्हरवर चित्र नाही, नुसता चंदेरी रंग. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर तसाच नुसता सोनेरी. चाहते त्यांना ‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्ड’ याच नावांनी ओळखतात. गायक जेसन मार्टिनचा आवाज कुजबुजल्यासारखा आहे आणि गिटारचे थर इतके दाट की लॅपटॉपच्या स्पीकरवर नुसती खरखर ऐकू येते. चांगल्या हेडफोनवर मात्र तेच थर सुटे होतात आणि खाली दडलेली साधी, उदास चाल वर येते. पहिल्या आठवड्यात हा पहिला अल्बम मी बाजूला ठेवला होता. आता तोच सर्वाधिक वाजतो.

जेसनचा भाऊ रॉनी मार्टिन याचा जॉय इलेक्ट्रिक हा प्रकल्पही याच लेबलवर निघाला आणि तो अगदी उलट टोकाचा आहे. तिथे गिटार नाहीच. सगळे काही ॲनालॉग सिंथेसायझरवर घडवलेले आहे, ड्रमचे ठोकेसुद्धा. कारागिरी थक्क करणारी आहे, पण जत्रेतल्या पाळण्याजवळ तासभर उभे राहिल्यासारखे वाटू लागते, म्हणून एका बैठकीत चार गाण्यांपलीकडे मी जाऊ शकलो नाही. तरीही एकाच घरातल्या दोन भावांना इतक्या भिन्न दिशांनी जाऊ देणारे आणि दोघांनाही वर्षानुवर्षे सांभाळणारे लेबल त्या काळच्या ख्रिस्ती संगीतात दुसरे कोणते होते, हे मला तरी सांगता येणार नाही.

एमएक्सपीएक्सबद्दल फार लिहीत नाही. सिॲटलहून फेरीबोटीने गाठता येणाऱ्या ब्रेमर्टन गावातल्या शाळकरी मुलांचा हा पंक बँड लेबलचे पहिले मोठे यश ठरला. १९९६ चा ‘लाइफ इन जनरल’ आजही गाडीत लावायला उत्तम आहे; घरी बसून ऐकण्यासारखे त्यात मला फारसे सापडले नाही.

जड, म्हणजे मेटल आणि हार्डकोर (पंकचा अधिक आक्रमक प्रकार) अशा संगीतासाठी १९९७ मध्ये सॉलिड स्टेट ही वेगळी शाखा निघाली. लिव्हिंग सॅक्रिफाइस आणि झाओ या बँडचे त्या सुमाराचे अल्बम मी कुटुंबीय घराबाहेर असतानाच लावतो, यातच काय ते आले. याच शाखेतल्या फ्लोरिडाच्या अंडरओथ या बँडचा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ हा अल्बम २००६ मध्ये बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला. त्यांचा २००४ चा ‘दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी’ पहिल्याच वेळी पकड घेतो, पण दोन महिन्यांत त्याची चमक उतरली. २००६ चा अल्बम आधी अंगावर येतो आणि मग हळूहळू उलगडतो. त्यासाठी वेळ द्यावा.

सर्वांत अनपेक्षित भेट झाली ती फिलाडेल्फियाच्या मीविदाउटयू या बँडची. गायक ॲरन वाइस आणि त्याचा भाऊ मायकल हे बावा मुहैयद्दीन यांच्या सूफी परंपरेत वाढले. बावा मूळचे श्रीलंकेतले, तमिळ बोलणारे गुरू. बँडच्या २००९ च्या अल्बमचे लांबलचक नावच बावांच्या शिकवणीतून आले आहे आणि त्यात ‘अल्लाह, अल्लाह, अल्लाह’ या नावाचे गाणेही आहे. ख्रिस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेबलने हा अल्बम काढला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

त्यातले एक गाणे बावांच्या एका कथेवर रचलेले आहे. नारळाच्या बागेतले मजूर रात्री तळ्याकाठी पाचोळा गोळा करून पेटवतात. तो उजेड काय आहे हे शोधायला भुंग्यांचा राजा आधी एका विद्वानाला पाठवतो, नंतर एका लष्करी अधिकाऱ्याला. दोघेही अर्धवट बातमी घेऊन परततात आणि शेवटी राजा स्वतःच आगीत शिरतो. ज्योतीवर झेपावणारा पतंग आपल्या कवितेला नवा नाही, आणि माडांच्या बागेतल्या पाचोळ्याचा धूर कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. फिलाडेल्फियातल्या रॉक बँडकडून हे ऐकायला मिळेल असे मात्र स्वप्नातही आले नव्हते.

एकूण संग्रहात थेट धर्मप्रचार अपेक्षेपेक्षा बराच कमी आहे. स्टारफ्लायर ५९ ऐकताना श्रद्धेचा विषय क्वचितच लक्षात येतो, तर हार्डकोर बँडच्या ओळींत तो उघड आणि रोखठोक असतो. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा साचा घेतला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आपल्या भोवतालच्या संगीतप्रकारातच आपली श्रद्धा मांडण्याची ही धडपड परकी वाटणार नाही.

आता व्यावहारिक बाबी. स्ट्रीमिंगवर यातले पुष्कळ उपलब्ध आहे, पण तिथे मांडणी कलाकारानुसार असते आणि लेबल नजरेआड होते. एका बँडवरून दुसऱ्या बँडकडे नेणारा धागाच तुटतो. सीडीच्या बुकलेटमध्ये तो शाबूत असतो. रायन आणि डॉन क्लार्क हे भाऊ डीमन हंटर या बँडमध्ये होते आणि ॲस्टेरिक स्टुडिओतून लेबलसाठी कव्हरेही करत. नॉर्मा जीन या बँडच्या २००५ च्या ‘ओ गॉड, द आफ्टरमाथ’च्या वेष्टनाला ग्रॅमी नामांकन मिळाले होते. ते बुकलेट हातात धरून पाहावे. फोनच्या पडद्यावर त्याचा पत्ता लागत नाही.

सेकंडहँड घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून पाहणे आवश्यक आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ म्हणून पाठवलेल्या सीडीतली शेवटची तीन गाणी वाजतच नाहीत आणि पैसे परत मागितल्यावर उत्तरही आले नाही. शिवाय नव्वदच्या दशकातल्या सीडींचा आवाज मंद आणि २००० नंतरच्यांचा दणदणीत असल्यामुळे आलटूनपालटून ऐकताना दर वेळी आवाज कमी-जास्त करावा लागतो, हाही एक त्रासच.

माझी मुख्य तक्रार २००३ नंतरच्या संग्रहाबद्दल आहे. मीविदाउटयू आणि ॲनबर्लिनसारखे अपवाद सोडले, तर त्या वर्षांतले कितीतरी बँड परस्परांच्या नकला वाटतात : कडव्यात आरडाओरडा, ध्रुवपदात गोड चाल, तेच गुळगुळीत ध्वनिमुद्रण. या काळात केवळ चिन्ह पाहून सीडी घेणाऱ्या श्रोत्याची निराशा वारंवार झाली असणार, आणि माझीही झाली.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘साँग्ज फ्रॉम द पेनल्टी बॉक्स’ या संकलनांपैकी एखादे आधी घ्यावे. लेबलवरच्या नाना प्रकारच्या बँडची एकेक चव त्यात मिळते आणि ती संकलने फार महाग पडत नाहीत. त्यानंतर स्टारफ्लायर ५९ चा ‘गोल्ड’ आणि मीविदाउटयूचा २००४ चा ‘कॅच फॉर अस द फॉक्सेस’ घ्यावा. एमरी या बँडचा मॅट कार्टर चालवत असलेला ‘लेबल्ड’ हा पॉडकास्ट सोबतीला ठेवल्यास बँडची मंडळी त्या दिवसांबद्दल स्वतः काय सांगतात तेही कळते. त्याचे भाग लांबट आहेत, पण भांडी घासताना ऐकायला हरकत नाही.