घरी बांधायच्या हॉर्न स्पीकरचे आराखडे: कोणता निवडावा आणि का

हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या मार्गातून आवाज देणारा स्पीकर, स्वतः बांधायचा ठरवला की बहुतेक जण आधी ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग) निवडतात आणि मग त्याला साजेसा आराखडा शोधू लागतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. ड्रायव्हर पुढे बदलता येतो, क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांकडे वाटणारे मंडल) पुन्हा जुळवता येतो; परंतु हॉर्नचे तोंड किती मोठे हवे हे ध्वनीच्या तरंगलांबीवर ठरते आणि तिच्याशी घासाघीस करता येत नाही. म्हणून घरगुती बांधणीसाठी नेहमी विचारात घेतल्या जाणाऱ्या आराखड्यांचे हे परीक्षण मी एकाच प्रश्नाच्या आधारे केले आहे: आराखडा जेवढ्या खालच्या स्वराची हमी देतो, तेवढा स्वर देण्याइतकी जागा त्याच्या तोंडाला खरोखर दिलेली आहे का?

हिशोब अवघड नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 40 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरांहून थोडी अधिक भरते. मोकळ्या जागेत हॉर्नच्या तोंडाचा परीघ साधारण एवढा असावा लागतो. म्हणजे गोल तोंडाचा व्यास सुमारे 2.7 मीटर आणि क्षेत्रफळ जवळजवळ 5.9 चौरस मीटर. एवढे तोंड घरात कोणी ठेवत नाही. मात्र हॉर्न जमिनीला टेकवला तर निम्मे क्षेत्रफळ पुरते, जमीन आणि भिंत यांच्या सांध्याशी ठेवला तर चौथा हिस्सा, आणि दोन भिंती व जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बसवला तर आठवा हिस्सा, म्हणजे साधारण 0.73 चौरस मीटर. घशाचे, म्हणजे ड्रायव्हरकडच्या अरुंद टोकाचे, क्षेत्रफळ 300 चौरस सेंटिमीटर धरले, तर 40 हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल (सारख्या अंतरावर सारख्याच पटीने रुंदावणाऱ्या) हॉर्नची लांबी या कोपऱ्यातही सुमारे 2.2 मीटर होते. याउलट 400 हर्ट्झपासून वरचे स्वर देणाऱ्या हॉर्नला अगदी मोकळ्या जागेतही 27 सेंटिमीटर व्यासाचे तोंड पुरते. खर्जाचा हॉर्न आणि मध्यस्वरांचा हॉर्न हे बांधणाऱ्याच्या दृष्टीने दोन निराळे व्यवहार आहेत, हे या आकड्यांवरून लगेच ध्यानात येते.

इतका खटाटोप कशासाठी, हेही येथे सांगायला हवे. साध्या खोक्यातला स्पीकर हवेला नीट पकडू शकत नाही. पडदा हलतो, पण त्याची बहुतेक ऊर्जा ध्वनीत रूपांतरित न होता उष्णतेत जाते. एका वॅटला एका मीटरवर 92 डेसिबल देणारा स्पीकर बराच संवेदनशील मानला जातो, तरी त्याची कार्यक्षमता जेमतेम 1 टक्का असते, आणि 85 डेसिबलच्या स्पीकरची तर 0.2 टक्का. हॉर्नचा क्रमाक्रमाने रुंदावत जाणारा मार्ग पडद्यावर हवेचा पुरेसा भार टाकतो, त्यामुळे 102 ते 105 डेसिबल सहज मिळतात आणि तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला कितीतरी कमी हलावे लागते. पडदा कमी हलला की विकृती कमी होते. तबल्याची थाप किंवा पियानोचा आघात हॉर्नमधून ज्या मोकळेपणाने येतो, त्याचे मूळ येथे आहे, आणि म्हणूनच 300बी या निर्वात नळीवर चालणारा 8 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायरही अशा स्पीकरला भरपूर होतो.

पहिला प्रकार म्हणजे मागून भारलेला हॉर्न, आणि नवशिक्याची नजर बहुधा यावरच जाते. एकच पूर्णपल्ल्याचा, म्हणजे सगळे स्वर एकटाच देणारा, ड्रायव्हर समोरून थेट वाजतो आणि त्याच्या पाठीमागचा आवाज घडी घातलेल्या लांब मार्गातून खर्ज म्हणून बाहेर पडतो. क्रॉसओव्हर नाही, एकच ड्रायव्हर, सरळ कापांचे प्लायवूड. जपानी समीक्षक तेत्सुओ नागाओका यांनी या प्रकाराचे अनेक आराखडे प्रसिद्ध करून तो घरोघरीच्या कारागिरांपर्यंत पोहोचवला. फॉस्टेक्स ही ड्रायव्हर बनवणारी कंपनी आपल्या अनेक ड्रायव्हरांच्या माहितीपत्रकातच खोक्याचा आराखडा देते; त्या ड्रायव्हरसाठी तो मापून दिलेला असल्यामुळे पहिल्या बांधणीला हा आधार मोलाचा आहे. लोदर कंपनीच्या ड्रायव्हरांभोवतीही अशा आराखड्यांची मोठी परंपरा आहे.

तरीही माझ्या प्रश्नावर हा प्रकार पूर्ण उतरत नाही. यातले बहुतेक हॉर्न कागदावर 40 हर्ट्झचे असले, तरी त्यांचे तोंड त्या मानाने फार लहान असते, त्यामुळे खर्जात सलग आधाराऐवजी उंचवटे आणि खळगे येतात. शिवाय मागच्या मार्गाची लांबी अडीच मीटर असेल, तर तिथून येणारा आवाज समोरच्या आवाजापेक्षा सुमारे 7 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि जिथे दोन्ही आवाज सारख्या जोराचे असतात त्या पट्ट्यात ते एकमेकांना कधी बळ देतात, कधी खोडतात. ड्रायव्हरच्या मागची हवेची कोठडी योग्य मापाची असेल तर वरचे स्वर हॉर्नमध्ये शिरत नाहीत आणि हा दोष आटोक्यात राहतो. म्हणून आराखडा पाहताना हॉर्नच्या वळणांपेक्षा आधी ही कोठडी पाहावी. गायन, सतार, सरोद, लहान वाद्यवृंद यांसाठी मध्यस्वरांची अखंडता हवी असेल, खोली लहान असेल आणि आवाज माफक ठेवायचा असेल, तर हा पर्याय खरेच सुंदर आहे. पखवाजाचा किंवा ऑर्गनचा खर्ज हवा असणाऱ्याने मात्र त्याच्यावर विसंबू नये. हलक्या पडद्याच्या पूर्णपल्ल्याच्या ड्रायव्हरांत वरच्या मध्यस्वरांचा जो उठाव असतो, तो काही कानांना थोड्याच वेळात बोचू लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

दुसऱ्या टोकाला क्लिपशॉर्न हा कोपऱ्यात बसवायचा घडीचा हॉर्न स्पीकर आहे. पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी त्याचे उत्पादन सुरू केले, आणि घरगुती खर्जाच्या हॉर्नचा याहून चतुर आराखडा मला माहीत नाही. खोक्यातली घडी संपली की हॉर्न संपत नाही. खोलीच्या भिंतीच त्याचा शेवटचा आणि सर्वांत मोठा भाग होतात. वर काढलेला आठव्या हिश्श्याचा हिशोब येथे अक्षरशः बांधून दाखवलेला आहे. त्याच्या घडीच्या प्रतिकृती बांधणारे आजही अनेक आहेत आणि कष्ट घेतले तर फळ मिळते, यात शंका नाही.

पण अटी कडक आहेत. एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोन अखंड कोपरे हवेत, तिथे दार, खिडकी किंवा कोनाडा नको, आणि जुन्या आराखड्यातील उघड्या पाठीचा खोका भिंतीला हवाबंद टेकला पाहिजे. ऐकण्याची जागाही मग कोपरेच ठरवतात. खोटे कोपरे उभारून बांधणारे आहेत, परंतु भिंत हलकी असेल तर खर्जातली ऊर्जा ती हलवण्यातच खर्च होते. आतली तिरकी फळकुटे बसवण्यासाठी कोन अचूक कापावे लागतात. साध्या हातकरवतीने हे काम करू नये. ज्याच्याकडे कोपरे आहेत आणि सुतारकामाची सवय आहे, त्याला मी निःसंकोच हाच आराखडा सुचवेन. ज्याच्याकडे कोपरे नाहीत, त्याने त्याच्या मोहात पडू नये.

क्लिप्श यांचाच 1963 चा ला स्काला हा स्पीकर कोपऱ्याची अट काढून टाकतो. 15 इंची ड्रायव्हर, दोन बाजूंनी फुटून पुढे येणारा छोटा मार्ग, जवळपास सगळे काप काटकोनातले. बांधायला तो कितीतरी सोपा आहे. कोपऱ्याची अट सोडल्याची किंमत खर्जात मोजावी लागते. 50 हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून काहीही अपेक्षू नये, आणि त्याच्या वरही स्वर हळूहळू ओसरत आलेला असतो. त्याच्या उंच बाजूच्या फळ्या जोरात वाजवताना थरथरतात, म्हणून नवा बांधणारा 18 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटरची फळी वापरेल किंवा आतून एक आडवा आधार देईल, तर फरक स्पष्ट ऐकू येईल. सोबत वेगळा सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) ठेवण्याची तयारी असेल तर आराखडा उत्तम आहे. मात्र हॉर्नचा वेगवान खर्ज आणि साध्या सबवूफरचा खर्ज यांचा सांधा जुळवायला मोजमाप आणि एकाचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय लागतेच.

बहुतेक घरांसाठी माझी निवड आहे ती मिश्र रचना: खर्जाला मोठा, संवेदनशील, थेट वाजणारा ड्रायव्हर आणि साधारण 500 हर्ट्झपासून वर खरा हॉर्न. तिचा आदर्श नमुना म्हणजे अल्टेक कंपनीचा, मूळचा चित्रपटगृहांसाठी केलेला ए7. त्यात 15 इंची ड्रायव्हरसमोर एक आखूड हॉर्न आहे, जो वरच्या खर्जाला बळ देतो, आणि त्याखालचे काम खोक्यातील छिद्रे करतात. म्हणजे आखूड हॉर्नकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे काम मागितलेलेच नाही. घरासाठी तो खोका अवजड आहे आणि अगदी खालचा खर्ज त्यातही कमी पडतो. पण तत्त्व तेच ठेवून समोरचा आखूड हॉर्न काढला आणि 100 ते 150 लिटरचा साधा छिद्राचा खोका केला, तर 95 ते 97 डेसिबलच्या ड्रायव्हरबरोबर 40 हर्ट्झपर्यंत सलग खर्ज मिळू शकतो. इथे कोणतीच गोष्ट तरंगलांबीच्या विरोधात जात नाही. खर्जाचा भाग बांधायला सोपा राहतो आणि सगळी हौस वरच्या हॉर्नवर खर्च करता येते, जिथे ती सर्वाधिक ऐकू येते.

हा वरचा हॉर्न मात्र सरळ हवा. घडी तेव्हाच चालते, जेव्हा मार्गाची रुंदी वळणावर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा पुरेशी कमी असते. खर्जात ते सहज जमते, 2,000 हर्ट्झला अर्धी तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरांवर आलेली असते. सरळ हॉर्नमध्येही निवड आहेच. पॉल व्हॉइट यांनी 1920च्या दशकात आणलेला आणि ब्रूस एडगर यांनी 1980च्या दशकात घरगुती बांधणाऱ्यांमध्ये पुन्हा रुजवलेला ट्रॅक्ट्रिक्स हॉर्न त्याच तोंडाच्या एक्स्पोनेन्शियल हॉर्नपेक्षा आखूड असतो; लाकडात पट्ट्या चिकटवून किंवा लेथवर फिरवून तो करता येतो आणि आवाज अतिशय नैसर्गिक देतो. ज्याँ-मिशेल ल क्लेआक यांच्या वक्राचे तोंड मागे वळत जाते, त्यामुळे तोंडापासून घशाकडे परतणारे प्रतिध्वनी कमी होतात. माझ्या कानांना सर्वांत निर्मळ वाटलेला वक्र हाच, पण त्याला जागा जास्त लागते. हे दोन्ही वक्र वरच्या स्वरांना अरुंद झोतात पाठवतात, म्हणून एकट्याने समोर बसून ऐकणाऱ्याला ते मानवतात. खोलीभर बसणाऱ्यांसाठी स्थिर पसाऱ्याचा हॉर्न घ्यावा. त्यात वरचे स्वर रुंद पसरतात आणि त्यामुळे समोरच्या रेषेवर ते उतरत जातात, ती उतरण क्रॉसओव्हरमध्ये भरून काढावी लागते. आराखड्यात या भरपाईचा उल्लेखच नसेल तर तो आराखडा अपुरा समजावा. अल्टेकचे जुने ओतीव धातूचे हॉर्न वापरायचे असतील, तर बाहेरून डांबरी थर देऊन त्यांचा नाद मारावा.

टॉम डॅन्ली यांच्या सिनर्जी पद्धतीचा आराखडा या सर्वांत बुद्धिमान आहे. एकाच सरळ शंकूसारख्या हॉर्नच्या घशाशी कम्प्रेशन ड्रायव्हर (अरुंद घशातून वरचे स्वर देणारा ड्रायव्हर) असतो आणि मध्यस्वरांचे व खर्जाचे ड्रायव्हर त्याच हॉर्नच्या बाजूंना पाडलेल्या छिद्रांतून आत वाजतात, त्यामुळे सगळा आवाज एका बिंदूतून आल्यासारखा ऐकू येतो. परंतु ही छिद्रे घशापासून पाव तरंगलांबीच्या आत असावी लागतात. मध्यस्वर आणि वरचे स्वर यांचा सांधा 1,200 हर्ट्झवर असेल तर ही मर्यादा केवळ 7 सेंटिमीटर आहे, आणि तेवढ्यात चार ड्रायव्हरांची छिद्रे, त्यांच्यासमोरच्या लहान कोठड्या आणि बळकटी हे सर्व बसवायचे असते. मापाचा मायक्रोफोन आणि डिजिटल प्रोसेसर हाताशी असल्याशिवाय याला हात घालू नये. ज्याने एक मिश्र रचना बांधून, मोजून, जुळवून पाहिली आहे, त्याने पुढचा प्रकल्प म्हणून ही सिनर्जी पद्धत अवश्य घ्यावी.

आराखडा कोणताही असो, तो प्रथम हॉर्नरेस्प या डेव्हिड मॅक्बीन यांच्या मोफत संगणक-प्रणालीत घालून पाहावा. घशाचे व तोंडाचे क्षेत्रफळ, लांबी, मागची कोठडी आणि ड्रायव्हरची मापे एवढे दिले की कमी वारंवारतेचे वर्तन बरेच विश्वासार्हपणे दिसते. वळणांचे आणि वरच्या स्वरांचे चित्र ती नीट देत नाही, म्हणून आराखडा देणाऱ्याने प्रत्यक्ष मोजलेले आलेखही तपासावेत. एका बाजूला सरकून घेतलेले आलेख असतील तर अधिक चांगले. आराखड्यात नमूद ड्रायव्हर मिळत नाही म्हणून त्याच मापाचा दुसरा बसवायचा असेल, तर नुसता व्यास जुळून भागत नाही. अनुनाद वारंवारता, एकूण क्यू (अनुनाद किती आवरला जातो याचे माप) आणि पडद्याचे वस्तुमान जुळले नाही तर हॉर्न तोच राहूनही स्पीकर वेगळा होतो. मोठ्या चुंबकाचे, 0.2 ते 0.35 क्यूचे ड्रायव्हर बहुतेक हॉर्नना मानवतात.

साहित्याबाबत फार चर्चा करण्याची गरज वाटत नाही. बर्च प्लायवूड उत्तम. एमडीएफ चालते, पण 18 मिलिमीटरची 8 बाय 4 फुटांची एक फळी सुमारे 40 किलो भरते आणि तिची धूळ मास्कशिवाय घेऊ नये. घडीच्या हॉर्नमध्ये एकही सांधा फटीचा राहता कामा नये, कारण शेवटची फळी बसल्यानंतर आत हात जात नाही. म्हणून आधी एकच खोका पूर्ण करावा, एका बाजूची फळी केवळ स्क्रूने आणि मऊ पट्टीवर बसवावी, तो ठरलेल्या जागी ठेवून रूम ईक्यू विझार्ड या ध्वनिमापनाच्या संगणक-प्रणालीत मोजावा, कोठडीतला कापूस आणि फळीचा आधार हवे तसे बदलावेत, आणि आलेख समाधानकारक आल्यावरच गोंद लावून दुसऱ्या खोक्याचे लाकूड कापायला घ्यावे.