शार्क कार्टिलेज कॅप्सूल: बाटलीत काय असतं आणि कर्करोगावर ते का चालत नाही

कर्करोगावर उपाय म्हणून शार्क कार्टिलेजची बाटली घेणार असाल, तर घेऊ नका. हे मत कुठल्या एका ब्रँडपुरतं नाही. या प्रकारातल्या सगळ्याच उत्पादनांची अडचण एकच आहे.

कॅप्सूल उघडली की आत पांढरट-पिवळसर, मासळीचा वास येणारी पूड दिसते. शार्कच्या शरीरात हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजेच कार्टिलेजचा असतो. तो स्वच्छ करून, वाळवून, बारीक दळला की ही पूड तयार होते. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार, कोलॅजेनसारखी प्रथिनं आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असतं. लेबलवर बहुधा ७५० मिलिग्रॅमची कॅप्सूल आणि दिवसाला काही मोजक्या कॅप्सूल असा डोस दिलेला असतो.

आता हिशेब बघा. कर्करोगाच्या रुग्णांवर ही पूड तपासली गेली तेव्हा १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोस होता शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम, किंवा ७५० मिलिग्रॅमच्या ८० कॅप्सूल. लेबलवरचा डोस त्याच्या आसपासही पोहोचत नाही. आणि तो पूर्ण डोस देऊनही त्या चाचणीतल्या ६० रुग्णांपैकी एकाचीही गाठ विरली नाही, की निकषात बसेल इतकी लहानही झाली नाही. पाच जणांना तर पोटाच्या त्रासामुळे किंवा पूड सोसवत नसल्यामुळे चाचणी सोडावी लागली. त्यामुळे ‘डोस वाढवून बघू’ या सल्ल्यात काही अर्थ उरत नाही.

मूळ कल्पना मात्र खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल, हा विचार अमेरिकेतले शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्यांना अडवणारं काहीतरी तिथे असेल असा तर्क होता. १९८३ मध्ये अॅन ली आणि रॉबर्ट लँगर या संशोधकांनी बास्किंग शार्कच्या कूर्चेचा अर्क सशाच्या डोळ्यात, गाठीच्या शेजारी ठेवला, तेव्हा तिकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांची वाढ मंदावली. शार्क निवडला तो त्याला कर्करोग होत नाही म्हणून नव्हे. आधीच्या प्रयोगांत वापरलेल्या वासराच्या मानाने त्याच्यात कूर्चा कितीतरी जास्त मिळते, एवढंच कारण होतं. शिवाय तो अर्क गाठीलगत ठेवलेला होता, तोंडावाटे दिलेला नव्हता. गिळलेल्या पुडीतली प्रथिनं पोटात आणि आतड्यात पचून तुटतात. जी मोठी राहतात ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जवळजवळ जातच नाहीत. सगळं घोडं इथेच अडतं. रक्तवाहिन्या रोखण्याच्या त्याच विचारातून पुढे बेव्हॅसिझुमॅब हे औषध आलं. त्याला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली आणि ते शिरेतून दिलं जातं.

शार्कला कर्करोग होत नाही, ही समजूत पसरली १९९२ च्या विल्यम लेन यांच्या पुस्तकाने, ज्याच्या नावातच हा दावा होता. प्रत्यक्षात शार्कला कर्करोग होतो. गॅरी ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शार्क आणि त्यांच्या जवळच्या माशांमधल्या ४२ गाठींची नोंद मांडली. त्यांत घातक गाठीही होत्या, आणि काही तर कूर्चेतच झालेल्या. २०१३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातल्या एका ग्रेट व्हाइट शार्कच्या जबड्यावरच्या मोठ्या गाठीची नोंद प्रसिद्ध झाली. आणि समजा नसताच झाला, तरी शार्कचा सांगाडा खाऊन ते संरक्षण आपल्याला कसं मिळणार?

पुडीऐवजी शुद्ध केलेला अर्क घेतला तर? तेही करून झालं. निओव्हास्टॅट हा द्रवरूप अर्क फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या केमो-रेडिएशनसोबत तपासला गेला. रुग्णांच्या एका गटाला तो दिला, दुसऱ्याला तसंच दिसणारं निष्क्रिय द्रव. २०१० मध्ये निकाल आला: जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) अर्कवाल्यांत १४.४ महिने, दुसऱ्या गटात १५.६. फायदा शून्य. पुडीविषयी स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगाच्या ८३ रुग्णांवरची चाचणीही २००५ मध्ये तशीच निष्फळ ठरली.

नुकसान मात्र होऊ शकतं. मळमळ, अपचन, बद्धकोष्ठता या तक्रारी नेहमीच्या. जास्त काळजी कॅल्शियमची, कारण कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णाच्या रक्तात ते आधीच वाढलेलं असू शकतं. सारखी तहान, वारंवार लघवी, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर थांबू नका, त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. यकृताला सूज आल्याचीही नोंद आहे. २०१४ मध्ये बाजारातली १६ उत्पादनं तपासली, तेव्हा १५ मध्ये बीएमएए हे चेतापेशींना घातक असलेलं द्रव्य सापडलं. या द्रव्याविषयी लेबल काहीच सांगत नाही.

लेबल वाचताना तीन वस्तूंची गल्लत टाळा. ‘शार्क कार्टिलेज’ म्हणजे अख्खी पूड. ‘कॉन्ड्रॉइटिन’ सांध्यांसाठी विकतात, ते गाय-डुकराच्या कूर्चेतूनही काढतात, आणि वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. ‘शार्क लिव्हर ऑइल’ ही तिसरीच गोष्ट. बाटलीवर कर्करोग बरा होतो असं थेट लिहिलेलं नसेल, तर त्यामागे कायदाही आहे: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २००० मध्ये लेन लॅब्ज या कंपनीला असे दावे थांबवायला लावले, आणि २००४ मध्ये न्यायालयाने तिला विक्री थांबवून ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितलं. आता ‘प्रतिकारशक्तीसाठी’ असे मोघम शब्द येतात आणि उरलेलं विक्रेता तोंडी सांगतो.

घरातला रुग्ण हे आधीपासून घेत असेल तर त्याच्यावर रागावू नका. आशेपोटीच घेतलं जातं ते. बाटली तशीच उचलून पुढच्या तपासणीला न्या, रोज किती कॅप्सूल आणि कधीपासून ते लिहून द्या, आणि कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी चाचणी) व यकृताच्या चाचण्या करायला सांगा. केमोची तारीख यासाठी पुढे ढकलू नका.