पंधरा हजारांत विझवलेला दिवा

मार्चमध्ये हौसेने गाडीचा हवेचा पाइप बदलला आणि मे संपेपर्यंत साडेतेहतीस हजार घालवून बसलो. त्यातले अकरा हजार निव्वळ माझ्या हौसेचे, ते कुणाच्या नावावर टाकत नाही. बाकीचे साडेबावीस मात्र गोड बोलून काढून घेतले गेले. ज्या पद्धतीने काढले ती कुठल्याही गाडीवर चालते, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी 2015 ची, 1.8 लीटर पेट्रोल सेडान, 2022 मध्ये सेकंडहँड घेतलेली. मी राहतो घोडबंदर रोडला, ऑफिस महाप्याला. रोज ऐरोलीच्या आसपास तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये बसून माणसाला कसली स्वप्नं पडावीत? मला आवाजाची पडली. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखालून घुमणारा तो खर्जातला आवाज. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजने आफ्टरमार्केट इनटेक दाखवला: चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप, टोकाला तेल लावलेला लाल कोन फिल्टर. ‘प्लग अँड प्ले आहे सर, सेन्सर तुमचा जुनाच बसतो.’

बसला खरा. गोम तिथेच होती.

इंजिनात किती हवा जातेय हे मोजायला पाइपमध्ये मास एअरफ्लो सेन्सर असतो, गॅरेजवाले त्याला ‘मॅफ’ म्हणतात. आत केसाएवढी बारीक तार किंवा फिल्म तापवून ठेवलेली असते. वाऱ्याने ती गार होते आणि पुन्हा तेवढीच तापवायला किती करंट लागला, यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ग्रॅममध्ये हवेचा हिशोब करतो. म्हणजे सेन्सर सगळी हवा मोजतच नाही. आपल्या तारेजवळून ती किती जोरात गेली तेवढंच त्याला कळतं, बाकीचं गणित कंपनीने मूळ नळीच्या मापावर बांधून ईसीयूत भरलेलं असतं. माझी मूळ नळी सेन्सरपाशी आतून 70 मिलिमीटर, नवा पाइप 76. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वर्ग केला की क्षेत्रफळ 18 टक्के वाढतं. तेवढीच हवा मोठ्या नळीतून संथ जाते, सेन्सर ती कमी सांगतो आणि ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. चांगल्या बनावटीच्या इनटेकमध्ये निदान सेन्सरपाशी तरी मूळ माप राखलेलं असतं. माझा कुठल्या कारखान्यातला होता देव जाणे.

आठवडाभराने मुलुंड-ऐरोली पुलावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. दोषाचा कोड पी0171, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजवाला जराही दचकला नाही. उलट खूश झाला. ‘सर, आता मॅफ कॅलिब्रेशन करावं लागेल. आमचा ट्यूनर येतो, मॅपिंग करून देईल. पंधरा.’

ट्यूनर आला. काळा टी-शर्ट, लॅपटॉपवर स्टिकरच स्टिकर. पोर्टला केबल लावली, स्क्रीनवर रंगीत आलेख नाचवले, उभ्या गाडीला दोन-तीनदा रेस दिली आणि वीस मिनिटांत केबल गुंडाळली. दिवा गेला होता. गाडीही मोकळी वाटत होती, निदान मला तसं वाटून घ्यायचं होतं. पैसे यूपीआयने दिले, तेही गॅरेजच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. बिल नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज तेवढा आला: ‘मॅपिंग डन सर’, पुढे अंगठा.

सहाव्या दिवशी दिवा परत. ‘पेट्रोल कुठे भरलं सर?’ म्हणत त्यांनी पुन्हा केबल लावली आणि दिवा पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी निदान बदललं: सेन्सरच गेलाय, ओरिजिनल साडेसात हजार. डबा बरोब्बर कंपनीच्या रंगाचा. जुना सेन्सर मागितला तर ‘स्क्रॅपमध्ये टाकला’. खरं तर तेव्हाच गाडी तिथून काढायला हवी होती. मी पैसे देऊन काढली.

नवा सेन्सर लागल्यावर गाडी आणखी बिघडली. गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ठोकायला लागलं, डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज. त्या आवाजाने मात्र पोटात गोळा आला.

वागळे इस्टेटमध्ये एक काका आहेत, पत्र्याचं गॅरेज, पाटीसुद्धा नाही. त्यांनी आधी स्कॅनर लावला आणि मला शेजारी बसवून एकेक आकडा वाचायला लावला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम: अधिक 27. हा आकडा पाच-सहाच्या आत असला तर चिंता नाही, दहाच्या पुढे गेला की कारण शोधायचं. ईसीयू ठरल्यापेक्षा 27 टक्के पेट्रोल जास्त ओतून कशीबशी गाडी सांभाळत होता. ही सांभाळणूक एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर चालते. पाय पूर्ण दाबला की ईसीयू त्याचं ऐकणं सोडून मॅफच्या आकड्यावर विसंबतो. हवा कमी आहे असं समजून पेट्रोल हात आखडून देतो आणि स्पार्कही लवकर टाकतो. ठोकणं त्यामुळे.

मग काकांनी विचारलं, ‘गाडी घेतली तेव्हाचा स्कॅन रिपोर्ट आहे का रे?’ होता. 2022 चा, मेलमध्ये. त्यात कॅलिब्रेशन आयडीच्या खाली सीव्हीएन नावाचा आठ आकडी-अक्षरी क्रमांक असतो. ईसीयूत भरलेल्या आकड्यांवरून तो गाडी स्वतःच काढते. मॅपिंग म्हणजे आतलं हवा-पेट्रोलच्या हिशोबाचं टेबल बदलणं, आणि ते खरोखर बदललं तर हा क्रमांकही साधारणपणे बदलतो. काकांनी स्कॅनर आणि माझा फोन शेजारी शेजारी धरले. आठच्या आठ अक्षरं तीच. पंधरा हजारांत एक आकडासुद्धा हलला नव्हता, फक्त कोड पुसले होते.

आणि कोड पुसण्यातच सगळी हातचलाखी आहे. पुसलं की ईसीयू शिकलेली दुरुस्तीही विसरतो आणि ट्रिम शून्यावर येते. ती पुन्हा चढायला वेळ लागतो, शिवाय असा दोष बहुधा लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. हे मधले चार-सहा दिवस त्यांनी मला पंधरा हजारांना विकले. शेवटचा कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही बहुतेक स्कॅनरवर दिसतं, पण त्यावरून कुणाला पकडता येत नाही, कारण खऱ्या मॅपिंगनंतरही कोड पुसतातच. पकडायचं ते सीव्हीएनवर.

खरं कॅलिब्रेशन कसं असतं हे काकांनी चहा पिता पिता सांगितलं. एक्झॉस्टला वाइडबँड, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणारा, सेन्सर लावायचा. आयडलपासून वरपर्यंत वेगवेगळ्या लोडवर, डायनोवर (चाकं रोलरवर फिरवायचं यंत्र) नाहीतर मोकळ्या रस्त्यावर, गाडी चालवून लॉग घ्यायचे. सेन्सरच्या प्रत्येक व्होल्टेजला मिश्रण किती चुकतंय ते पाहून टेबलमधली तेवढीच ओळ दुरुस्त करायची, पुन्हा भरायचं, पुन्हा चालवायचं. अर्धा दिवस कुठे गेला कळत नाही. माझी गाडी जागची हललीच नव्हती. ‘उभ्या गाडीचं मॅपिंग म्हणजे झोपलेल्या माणसाचं वजन अंदाजे सांगण्यासारखं,’ काका म्हणाले.

साडेसात हजारांचा ‘ओरिजिनल’ही डुप्लिकेट निघाला. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला 1.8 लीटरच्या गाडीने सेकंदाला साधारण दोन ग्रॅम हवा दाखवावी. हा जेमतेम 1.2 दाखवत होता. दुसऱ्या तशाच गाडीचा सेन्सर आणि मी पलंगाच्या खणातून काढून आणलेला मूळ एअरबॉक्स, म्हणजे कंपनीचा फिल्टरचा डबा, लावला तर 2.1, आणि थोडं चालवल्यावर ट्रिम अधिक 3. माझ्या जुन्या सेन्सरवर कोन फिल्टरचं तेल उडून चिकटलं असावं, असा काकांचा अंदाज. मॅफसाठीच्या क्लीनर स्प्रेने, तारेला बोट न लावता, काही शेकड्यांत काम झालं असतं. पण तो सेन्सर आता माझ्याकडे नव्हता. नवा शोरूममधून घ्यावा लागला, तो खर्च वर दिलेल्या हिशोबात धरलेलाच नाही.

1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. यूपीआयचे स्क्रीनशॉट, तो अंगठ्याचा मेसेज आणि दोन्ही स्कॅन रिपोर्ट जोडले. दहा दिवसांनी गॅरेजचा फोन आला. सेन्सरचे साडेसात हजार परत मिळाले. मॅपिंगचे नाहीत, ‘सर्व्हिस तर दिली ना सर’. बिल असतं तर पुढे भांडलो असतो, आणि अजून तो विचार पूर्ण सोडलेला नाही.

काकांनी घेतले पाचशे. पाइप मात्र ठेवून घेतला. परवा पावसात गेलो होतो तेव्हा पत्र्याच्या पन्हाळीखाली तो बांधलेला दिसला, पाणी थेट गटारात सोडत होता. ‘तीन इंची आहे,’ म्हणाले, ‘बरोबर मापात बसला.’