ऑनलाइन मेडिकल कोर्ससाठी ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावणं आलं, तर आधी हे वाचा

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, लॅब टेक्नॉलॉजी किंवा सायन्सचे विषय शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. त्यातही जे निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स लिहिण्याचं, तपासण्याचं काम घेतात, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. अशी कामं आता ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बरीच निघतात आणि सगळ्याच कंपन्या वाईट नसतात. मी याआधी अशी कामं केली आहेत आणि त्यांचे पैसे ठरल्या दिवशी मिळाले आहेत. या वेळी मात्र एका कंपनीनं मला आणि आणखी काही जणांना फसवलं. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार दाखल आहे. त्यांची पद्धत मात्र पूर्ण सांगते.

मी ठाण्याला कोपरीत राहते. नर्सिंगच्या मुलींना आयुष्यभर शिकवलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून निरोप आला की महापेच्या एका कंपनीला ‘एसएमई’ हवेत. या धंद्यात विषयतज्ज्ञाला हाच शब्द वापरतात. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या अटेंडंटसाठी आणि नर्सिंग असिस्टंटसाठी औषधं देण्याचा सर्टिफिकेट कोर्स होता. विषय माझ्या आवडीचा. घरोघरी इंजेक्शनं देणाऱ्या या मुलींना धड प्रशिक्षण मिळत नाही, ते मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ट्रान्स हार्बरनं कोपरखैरण्याला उतरून, रिक्षा करून मी त्यांचं ऑफिस बघून आले. काचेवर कंपनीचं नाव, आत लॅपटॉपवर काम करणारी मुलं, पाणी आणून देणारा माणूस, सगळं जागच्या जागी. पुढे कळलं की ती जागा महिन्याच्या भाड्यानं टेबलं देणाऱ्यांची होती. त्यामुळे ‘मी ऑफिस पाहिलंय’ याला फार अर्थ देऊ नका. त्यापेक्षा तीन नावं जुळवून पाहा: वेबसाइटवरचं, करारावरचं आणि ज्या खात्यातून पैसे येतात त्या खात्याचं. आमच्या बाबतीत ही तीन नावं वेगवेगळी निघाली. कंपनी कार्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीची नोंद आणि संचालकांची नावं दिसतात, जीएसटी क्रमांक कुणाचा आहे हेही जीएसटीच्या वेबसाइटवर दिसतं. दोन्ही फुकट आहे.

पहिली पायरी होती ‘ट्रायल चॅप्टर’. कोऑर्डिनेटर मुलगी बोलायला अतिशय गोड. “मॅडम, तुमच्यासारख्या सीनियर लोकांची ट्रायल घ्यायला आम्हालाच कसंतरी वाटतं, पण क्लायंटची प्रोसेस आहे.” मला विषय दिला त्वचेखाली द्यायची इंजेक्शनं. सोबत साचा: उद्दिष्टं, स्लाइडनुसार मजकूर, निवेदन, चित्रांच्या सूचना, शेवटी प्रश्न. म्हणजे हे दोन पानांचं नमुना-लेखन नव्हतं, पूर्ण धडा होता, आणि त्याचे पैसे नव्हते. आता आम्ही फसलेले काही जण एकमेकांच्या संपर्कात आहोत. डोंबिवलीच्या एका फार्मासिस्टला ट्रायल म्हणून डोळ्यांत-कानांत टाकायची औषधं दिली होती, नेरूळच्या एका सिस्टरला नेब्युलायझर, आणखी एकांना पोटात नळी घातलेल्या रुग्णाला औषध देणं. प्रत्येकाला वेगळा धडा. ट्रायल खरंच पारखण्यासाठी असती, तर सगळ्यांना एकच विषय दिला असता ना? कोर्सचे बरेचसे धडे त्यांनी असे ट्रायलमधूनच जमवले.

मग कागदपत्रं. पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, फोटो, चार ओळींचा परिचय, आणि पांढऱ्या कागदावरची सही स्कॅन करून. सही कशाला, असं मी विचारलं तेव्हा “तुमच्या ऑनरेरियम व्हाउचरला, म्हणजे मानधनाच्या पावतीला लागते” असं उत्तर मिळालं. करार मी सही करून पाठवला, त्यांच्या सहीची प्रत “लीगलकडे आहे” म्हणून कधीच आली नाही. पहिलं छोटं बिल मात्र आठवड्याच्या आत जमा झालं, दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, वजा करून. विश्वास बसला तो त्या बिलामुळे, आणि ते बिल त्याचसाठी होतं असं मला आता वाटतं. आपल्या नावावर जमा झालेला कर ज्यात दिसतो त्या फॉर्म २६ एएसमध्ये तो टीडीएस तिमाही उलटली तरी दिसला नाही. टीडीएस कापणारा ग्राहक असेल तर हे वेळोवेळी पाहत जा. कापलेली रक्कम सरकारात भरलीच जात नसेल, तर पुढचं काय होणार ते तिथेच कळतं.

यानंतरचं काम तपासणीचं होतं. इतरांनी लिहिलेले धडे वाचून चुका काढायच्या. इथे थोडं खोलात जाते, कारण सगळं नुकसान इथे झालं आहे.

इन्सुलिनचा धडा कुठल्या तरी परदेशी मजकुरावरून उतरवलेला होता. त्यात सरळ लिहिलं होतं की इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात आणि सिरिंजवरच्या आकड्यापर्यंत औषध भरायचं. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, अजून सर्रास मिळते. तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या व्हायलसाठी केशरी टोपणाची. या दोन्हींची अदलाबदल झाली की काय होतं ते हिशेबानं बघा. डोस २० युनिटचा आहे. ४० ची व्हायल आहे आणि हातात १०० ची सिरिंज. २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ०.२ मिलिलिटर आलं, म्हणजे रुग्णाला मिळाले ८ युनिट. साखर वाढत राहते आणि कारण कुणालाच कळत नाही. उलट झालं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तर त्याच २० च्या खुणेला अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. घरी एकटं असलेलं म्हातारं माणूस एवढ्या डोसनं बेशुद्ध पडू शकतं, जीव जाऊ शकतो.

शिवाय सगळीकडे ‘१० यू’ असं इंग्रजी अक्षरात, आकड्याला चिकटवून लिहिलेलं. तो यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात, म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा हे पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतात. ५ मिलिग्रॅमला ‘५.०’ लिहिलं होतं, टिंब पुसट असलं की ते ५० वाचलं जातं. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलच्या धड्यात ‘एक चमचा’ एवढंच होतं. आपल्याकडे त्याच सिरपच्या बाटल्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमच्याही असतात आणि २५० च्याही. कुठल्या बाटलीतला चमचा?

हे सगळं मी पानानुसार लिहून दिलं. इन्सुलिनच्या धड्यावर स्पष्ट शब्दांत लिहिलं: “हा धडा असा प्रसिद्ध करू नये.” “नोटेड, मॅडम” असं उत्तर आलं. पुढच्या बिलांचे पैसे मात्र आले नाहीत. आधी क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, बाकी होतं, मग परदेशी क्लायंटची मंजुरी, मग ऑडिट, मग कोऑर्डिनेटरचा फोन बंद.

पैसे बुडाले एवढंच असतं, तर मी दोन-चार ओळखीच्यांना सांगून विषय सोडला असता. पण कळंबोलीला होम केअरमध्ये काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. त्यावर ‘क्लिनिकल रिव्ह्यू’ या शब्दांखाली माझं नाव, माझा नोंदणी क्रमांक आणि मी व्हाउचरसाठी पाठवलेली सही. तिनं फी भरून कोर्स केला होता. तिनं विचारलं, “मॅडम, तुम्ही वर्गात लाल टोपण आणि केशरी टोपण शिकवलं होतं. यात ते नाहीच. आता पद्धत बदलली का?”

तिनं नोट्स पाठवल्या. मी नाकारलेला धडा, एकही दुरुस्ती न करता, शब्दन् शब्द तसाच.

तेव्हापासून काय केलं ते सांगते. तिला आणि तिच्या बॅचच्या मुलींना आधी खरी माहिती कळवली, मग बाकीचं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, आमचा प्रकार सही आणि ओळख वापरल्याचा असल्यानं लेखी तक्रार केली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ सी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीनं वापरण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सर्टिफिकेट, नोट्स आणि माझ्या तपासणीच्या मूळ ईमेल एकत्र जोडल्या. कौन्सिलला पत्र देऊन ठेवलं, म्हणजे उद्या या कोर्समुळे कुणाला इजा झाली तर माझी बाजू आधीपासून नोंदवलेली राहील. ज्या प्लॅटफॉर्मवर कोर्स विकला जात होता त्यांना हेच पुरावे पाठवले, त्यांनी तो काढला.

ज्यांचे धडे ट्रायलमध्ये गेले त्यांच्या बाजूनं कायदा बराच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, नोकरीत नसताना स्वतः लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तुमच्या सहीचा लेख लागतो, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ट्रायल चॅप्टर आम्ही सगळ्यांनी कराराच्या आधी, काहीही सही न करता दिले होते. आणि हक्क विकले तरी कलम ५७ खाली लेखक म्हणून नाव लागण्याचा, आणि आपली बदनामी होईल असा फेरफार थांबवण्याचा अधिकार उरतोच. डोंबिवलीच्या फार्मासिस्टांनी काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली होती. त्यांनी थकलेल्या बिलासाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज केला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. फ्रीलान्स काम करणाऱ्यानं ही नोंदणी करून घ्यावीच, तीही फुकट आहे.

मी आता काम घेताना एक वाक्य करारात घालायला लावते: “माझं नाव फक्त मी लेखी मंजूर केलेल्या आवृत्तीवर, त्या आवृत्तीच्या तारखेसह येईल.” ज्यांचा हेतू सरळ आहे त्यांनी यावर कधी कुरकुर केली नाही. सहीचं चित्र कुणालाही देत नाही. प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर आडवं लिहिते, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली. नमुना मागितला तर एकच पान, पीडीएफ, त्यावर माझं नाव. पूर्ण धडा हवा असेल तर त्याचे पैसे.

तोच कोर्स आता वेगळ्या नावानं, वेगळ्या ठिकाणी पुन्हा विकायला आला आहे. त्यावर नाशिककडच्या एका डॉक्टरांचा फोटो आहे. मी त्यांना शोधून फोन केला. इन्सुलिनचा धडा त्यांना कधी दाखवलाच नव्हता. त्या आता तक्रारीत आमच्याबरोबर आहेत.

औषधं देण्याचा असा कोर्स तुम्ही किंवा तुमच्या घरी येणाऱ्या अटेंडंटनं केला असेल, तर आज नोट्स उघडून इन्सुलिनचं पान काढा. त्यात ४० चा उल्लेखच नसेल, तर ते पान वापरू नका. व्हायलवर छापलेला आकडा आणि सिरिंजवर छापलेला आकडा एकच आहे का, हे प्रत्येक वेळी भरण्याआधी पाहा. वेगळा असेल तर इंजेक्शन भरू नका, औषधाच्या दुकानातून त्या व्हायलची सिरिंज आणा.