लॅपटॉपसाठी टिकाऊ बॅग: नायलॉन, कॅनव्हास की चामडे?

दीड ते दोन किलोचा लॅपटॉप, त्याचा चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री एवढे सामान रोज पाठीवर घेऊन लोकलने किंवा दुचाकीवरून कामावर जाणाऱ्या माणसाची बॅग चार-पाच किलोंचा भार वाहत असते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाच भार ती पावसात वाहते. अशा वापरात टिकेल असे म्हणता येईल असे तीन पर्याय बाजारात आहेत: जाड नायलॉनची पाठीवरची बॅग, मेण दिलेल्या कॅनव्हासची खांद्यावरची बॅग आणि अस्सल चामड्याची ऑफिस बॅग. बहुतेक जाहिराती कापडाच्या मजबुतीवर भर देतात. परंतु बॅग कापड फाटल्यामुळे निकामी होण्याचे प्रसंग थोडे असतात. पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथली शिलाई उसवते, चेनचा रनर झिजतो किंवा आतला जलरोधक थर सुटू लागतो, म्हणून ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे या तिन्ही पर्यायांची तुलना करताना आधी काय बिघडेल आणि जे बिघडेल ते दुरुस्त होईल का, हे दोन प्रश्न मी किमतीच्याही आधी ठेवतो.

नायलॉनच्या बॅगेवर १६८० किंवा १००० असा डेनियरचा आकडा छापलेला असतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. म्हणजे हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, त्याचा दर्जा सांगत नाही. बाजारात १६८० डेनियर म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बॅगा पॉलिएस्टरच्या असतात, आणि आकडा तोच असला तरी घर्षण सोसण्यात नायलॉन पॉलिएस्टरच्या बराच पुढे असतो. पॉलिएस्टरच्या बाजूने सांगण्यासारख्याही दोन गोष्टी आहेत: तो पाणी कमी शोषतो आणि उन्हाने लवकर कमकुवत होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानातील सैनिकांना उडत्या धातूच्या तुकड्यांपासून वाचवणाऱ्या जाकिटांसाठी जे कापड वापरात आले, त्यावरून आजच्या बॅलिस्टिक नायलॉनला नाव मिळाले. त्याची वीण दोन-दोन धाग्यांची, टोपलीसारखी असते आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. दुसरे जाड नायलॉन कॉर्ड्युरा या नावाने विकले जाते; हे नाव ड्यूपाँट कंपनीने १९२९ मध्ये नोंदवले होते, पुढे ते इन्व्हिस्टा या कंपनीकडे गेले. या नायलॉनचा स्पर्श कॅनव्हाससारखा खरखरीत असतो. हा खरखरीतपणा रोजच्या वापरात महत्त्वाचा ठरतो, कारण १००० डेनियरचे कॉर्ड्युरा रोज शर्टाला किंवा कुर्त्याला घासले की कपड्याचा तेवढा भाग विरतो. ऑफिसच्या बॅगेसाठी ५०० डेनियर पुरेसे आहे, आणि चांगले कपडे घालून प्रवास करणाऱ्याने बॅलिस्टिक विणीचे गुळगुळीत कापड घ्यावे.

नायलॉनची खरी कमजोरी मात्र बाहेरून दिसत नाही. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, आणि हवेतला दमटपणा या थराचे हळूहळू विघटन करतो. प्रथम आंबट वास येतो, मग थर चिकट होतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे लॅपटॉपला आणि कागदांना चिकटू लागतात. मुंबई, कोकण आणि गोवा येथे ही प्रक्रिया देशावरच्या कोरड्या हवेपेक्षा लवकर होते, आणि विशेष म्हणजे वापरातल्या बॅगेपेक्षा कपाटात बंद करून ठेवलेली बॅग आधी खराब होऊ शकते. हा थर एकदा सुटू लागला की कोणताही कारागीर तो पूर्ववत करू शकत नाही. म्हणून दुकानात बॅग उघडून आतून हात फिरवावा, वास घ्यावा, आणि सवलतीत मिळणारा जुना साठा असेल तर ही तपासणी टाळू नये. अस्तर असलेल्या बॅगेत हा थर झाकलेला असतो, त्यामुळे किनारपट्टीवर राहणाऱ्याला मी कापडाची आतली बाजू उघडी दिसणारी आणि शिवणीच्या कडांना पायपिंग केलेली बॅग सुचवेन.

मेण दिलेल्या कॅनव्हासमध्ये ही अडचण नाही, कारण मेण उतरले तर ते घरी पुन्हा लावता येते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा तिन्हींमधला सर्वांत मोकळा पर्याय आहे: जाड सुई असलेला कोणताही चांभार त्याला ठिगळ लावू शकतो, पट्टा बदलू शकतो, नवी चेन बसवू शकतो. मात्र कापडाचे वजन पाहून घ्यावे. प्रति चौरस मीटर ५०० ग्रॅमच्या आसपासचे कापड बॅगेसाठी योग्य ठरते, आणि दुकानात वजन सांगता येत नसेल तर रिकामी बॅग उभी केल्यावर ती आपला आकार धरते का, हे पाहावे. त्याचे दोष हवामानाशी जोडलेले आहेत. मेण उष्णतेने मऊ होते, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही बॅग ठेवली तर फिकट कपड्यांना डाग पडण्याची शक्यता असते. सलग पावसात मेणाच्या फटींतून पाणी सुताला भिजवते, बॅग जड होते, आणि ती नीट वाळली नाही तर बुरशी येते. शिवाय या बॅगा बहुधा एकाच खांद्यावर घ्यायच्या असतात, आणि चार-पाच किलोंचा भार रोज तासभर एका खांद्यावर वाहणे मानेला आणि पाठीला सोसत नाही. पुणे किंवा नाशिकमध्ये राहणाऱ्या, थोडे अंतर चालणाऱ्या आणि सामान मोजके ठेवणाऱ्या माणसाला पावसाचे चार महिने सोडले तर ही बॅग फार समाधान देते.

चामड्याच्या बाबतीत फसवणुकीला सर्वाधिक वाव आहे, म्हणून तिथे शब्द नीट वाचावे लागतात. फुल ग्रेन म्हणजे कातडीचा सर्वांत वरचा, घट्ट तंतूंचा आणि न घासलेला थर. तो वर्षानुवर्षे टिकतो. जेन्युइन लेदर या छापाने वस्तू कातडीची आहे एवढेच कळते. ती खालच्या, सैल तंतूंच्या थराची असून वर रंगाचा मुलामा दिलेला असू शकतो. बाँडेड लेदर म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला ताव, आणि त्याचे पापुद्रे रेक्झिनसारखेच सुटतात. ओळखण्याची सोपी जागा म्हणजे कापलेली कड: अस्सल चामड्यात तंतू दाट आणि सलग दिसतात, तर बाकीच्यांत कापडाचा किंवा प्लॅस्टिकचा वेगळा थर दिसतो. मुंबईत धारावीच्या चामडे-दुकानांत, विशेषतः सायन-वांद्रे लिंक रोडवर, माल हातात घेऊन अशी पाहणी करता येते. पुष्कळदा कारखाना मागच्याच गल्लीत असल्याने मापाप्रमाणे बदलही करून मिळतात. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे सुंदर जुने होते, परंतु पावसाच्या थेंबांचे डाग धरते. रोजच्या प्रवासासाठी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे अधिक सोयीचे आहे. दोन्ही प्रकारांत पावसाळी दमटपणात बुरशी येते, म्हणून बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात ठेवावी आणि ओली झाल्यास सावलीत वाळवावी. तिचे स्वतःचे वजनच दीड-दोन किलो भरू शकते. गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहणाऱ्याला हे ओझे मी सुचवणार नाही. गाडीने किंवा टॅक्सीने फिरणाऱ्या, बैठकींना जाणाऱ्या माणसासाठी मात्र तिन्हींत तीच सर्वांत दीर्घायुषी ठरते.

कापड कोणतेही असो, चेन आणि शिलाई यांवर बॅगेचे आयुष्य ठरते. चेनचा क्रमांक म्हणजे बंद केलेल्या दातांची मिलिमीटरमधली साधारण रुंदी. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची चेन असावी, बाहेरच्या छोट्या खिशांना ५ चालते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत धातूची चेन जाम होते, तर नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन वळणावर सहज फिरते आणि तिचे दात अधेमधे सुटले तरी रनर मागेपुढे केल्यावर बहुधा पुन्हा बसतात. १९३४ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या वायकेके कंपनीची चेन ही चांगली खूण आहे, परंतु नाव फक्त रनरच्या पट्टीवर आहे की रनरच्या अंगावरही आहे, हे पाहावे, कारण पट्टी वेगळी लावता येते. चेन सैल पडली म्हणजे बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो आणि तेवढा बदलून काम भागते. पूर्ण चेन बदलण्याचा खर्च लगेच मान्य करू नये. पाणी रोखणारी म्हणून मिळणारी चकचकीत चेन कडक असते, आणि तिच्यापेक्षा साध्या चेनवर झाकण म्हणून शिवलेली कापडी पट्टी मला अधिक भरवशाची वाटते. पट्ट्यांच्या मुळाशी एकाच जागी आडवे, दाट टाके घातलेले हवेत, आणि पट्टा शिवणीच्या आत खोल गेलेला हवा. तो ओढून पाहिल्यावर टाक्यांची भोके रुंदावत असतील तर ती बॅग परत ठेवावी.

लॅपटॉपच्या कप्प्याचे माप पडद्याच्या इंचांवरून ठरवू नये. १५.६ इंचांच्या जुन्या रुंद पडद्याची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर असते, तर १६ इंचांच्या नव्या, १६:१० प्रमाणाच्या पडद्याची सुमारे २१.५, रुंदी जवळपास तीच असूनही लॅपटॉप वरून बाहेर डोकावतो आणि चेन त्याच्या कोपऱ्याला घासते. घरून लॅपटॉपची लांबी-रुंदी टेपने मोजून न्यावी. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर टांगलेला असावा, कारण बॅग जमिनीवर आपटली की पहिला मार खालच्या कडेला बसतो. चामड्याच्या आणि कॅनव्हासच्या बॅगांमध्ये ही सोय बहुधा नसते, तेव्हा वेगळे मऊ कव्हर घ्यावे लागते आणि तो खर्च किमतीत धरावा.

लोकल आणि दुचाकी या दोन्हींसाठी माझी निवड ५०० डेनियर कॉर्ड्युरा किंवा बॅलिस्टिक नायलॉनच्या, दोन पट्ट्यांच्या, कमी कप्प्यांच्या बॅगेची आहे, आणि मुसळधार पावसासाठी वरून घालायचे वेगळे आवरण सोबत ठेवावे. एवढे पैसे आज हाताशी नसतील तर ६०० किंवा ९०० डेनियर पॉलिएस्टरची साधी बॅग घेण्यात काहीही कमीपणा नाही; आधी दुकानदाराला बाहेरून शिवून घेतल्यास हमी रद्द होते का हे विचारावे, आणि होत नसेल तर पहिल्याच आठवड्यात चांभाराकडून दोन्ही पट्ट्यांच्या चारही टोकांशी जाड नायलॉन धाग्याने दुहेरी शिलाई मारून घ्यावी.